हिवाळ्यातला उंचवटा

शांते,

परवा नोव्हेंबरचे आकडे आले. ते उतरवून घ्यायला मी अकोल्याहून अमरावतीला गेले. बारा वर्षांत देशोदेशीच्या आकडेवारीचं ते जाड परदेशी मासिक मी पहिल्यांदाच स्वतःच्या हाताने उघडलं, कारण कॉलेजच्या ग्रंथालयात जाऊन आकडे काढायचे आणि मला पोस्टकार्डावर पाठवायचे हे काम तुझं होतं. ग्रंथपाल मला ओळखत नव्हते. मी नैसर्गिक वायूचं पान काढून बसले तेव्हा ते जवळ आले आणि म्हणाले, "हे पान आमच्या इथी एकच बाई पाहतात. तुमी त्यायच्या कोन?"

मैत्रीण म्हणावं, तर गेल्या दोन वर्षांत आपण एकमेकींशी आकड्यांपलीकडे फारसं बोललो नव्हतो. शेवटी म्हटलं, "दुसरी वही माझ्याकडे असते." त्यांना ते कळलं असावं, कारण त्यांनी खुर्ची पुढे ओढून दिली. तू गेल्याचं त्यांना ठाऊक नव्हतं. ते मीच सांगितलं, आणि सांगताना माझा आवाज वर्गात हजेरी घेताना असतो तसा कोरडा निघाला. रडू आलं ते परतीच्या गाडीत, बडनेऱ्याला, समोर चणे खात बसलेल्या एका अनोळखी बाईच्या देखत. तिने चण्यांची पुडी माझ्यापुढे केली आणि मी चणे खाल्ले.

आपलं हे काम लोकांना सांगायला गेलं की ते आधी हसतात. वऱ्हाडातल्या दोन मास्तरणी, कोणता देश कोणत्या महिन्यात किती वायू जाळतो याच्या रेघा वर्षानुवर्षं काढत होत्या, आणि तो वायू दोघींपैकी एकीनेही डोळ्यांनी पाहिला नव्हता. तो डोळ्यांनी दिसतच नाही, हेही आपल्याला बरंच नंतर कळलं.

खरं तर सुरुवात झाली ती आपल्या उशिरा येण्यामुळे. संख्याशास्त्राच्या सरांनी सांगितलं होतं की प्रत्येकाने त्या मासिकातली एक वस्तू निवडायची आणि तिचा आलेख काढायचा. तू सकाळी मळ्यातली शेवंती बाजारात पोचवून मग कॉलेजला यायचीस म्हणून तुला उशीर, आणि मला झोप प्यारी म्हणून मला उशीर. आपण दोघी पोचलो तोवर कापूस, गहू, साखर, सोनं सगळं वाटून झालं होतं. कोणालाच नको असलेलं एक पान उरलं होतं ते आपल्या वाट्याला आलं. तू मला हळूच विचारलंस, "काय असते व हे?" मी पडले वकिलाची मुलगी. मला माहीत नाही असं म्हणायची आमच्या घरी पद्धतच नव्हती. मी ठोकून दिलं, "जमिनीतून निघणारा जळाऊ वारा." तू मान डोलावलीस, आणि मी खरं बोलले की नाही ते पाहायला त्याच दुपारी शब्दकोश उघडून बसलीस. मी बरोबर निघाले हे निव्वळ माझं नशीब. पण आपल्या दोघींचा स्वभाव त्या एका दिवसातच पुरता कळून चुकला होता: मी सांगून मोकळी होणार आणि तू तपासून पाहणार.

तुझ्या घरी मी पहिल्यांदा आले तेव्हाचं आठवतं? तुझी आई चुलीपुढे बसून पऱ्हाटी मोडत होती, कपाशीच्या वाळलेल्या काड्या गुडघ्यावर धरून कडाकड मोडायची आणि आत सारायची. तू तिला वायू समजावून सांगत होतीस.

"जमिनीतून वारा निघते अन् थोच जळते? पऱ्हाटी नाई लागत?"

"नाई लागत, माय."

"मंग राख?"

"राख बी नाई होत."

आईचे हात थांबले. "तं मंग भांडी कायनं घासतात त्या बाया?"

तू उठलीस, वहीचं शेवटचं पान काढलंस, वर लिहिलंस 'न सुटलेले प्रश्न', आणि खाली पहिला प्रश्न टाकलास: राख नसताना भांडी कशाने घासतात. मी हसले. तू हसली नाहीस. तुझ्या मते तो चांगला प्रश्न होता, आणि आज मलाही तसंच वाटतं. कुठल्याही देशाच्या आकड्यात तो दिसत नाही, पण त्या आकड्यामागे जी बाई उभी आहे ती त्यातच दिसते.

परीक्षा झाल्या, निकाल लागले, तू अमरावतीच्या मुलींच्या शाळेत लागलीस आणि मी अकोल्याच्या. बाकीच्यांच्या आलेखांचे कागद रद्दीत गेले असतील. आपलं पान सुटेना. तुला कळेना की इटलीची रेघ एवढी भराभर वर का चढते आहे, आणि मला कळेना की तुला ते कळलं नाही तर काय बिघडतं, पण मलाही पुढचा महिना पाहिल्याशिवाय राहवेना. मग नियम ठरले. वह्या दोन, एक तुझी आणि एक माझी. तू आकडे पाठवायचे, दोघींनी आपापल्या घरी रेघ काढायची, आणि दोन महिन्यांतून एका रविवारी मूर्तिजापूरला भेटून वह्या जुळवायच्या. मूर्तिजापूर दोघींना सोयीचं. तू तिकडून यायचीस, मी इकडून, आणि शकुंतला नावाच्या त्या छोट्या गाडीच्या फलाटावरच्या बाकावर, ती सुटेपर्यंत, निवांत जागा मिळायची. पहिल्या वर्षी मी घनफूट आणि घनमीटर यांचा घोळ घालून इटलीला अमेरिकेच्या पायाशी रांगायला लावलं होतं. तू माझ्या वहीवर तुझी वही ठेवलीस आणि चहा आणायला गेलीस.

आणखी दोन नियम होते, दोन्ही तुझे. पहिला रिकाम्या जागेचा. आपण अमेरिका घेतली, इटली घेतली, अर्जेंटिना घेतला, नंतर पाकिस्तान आला, आणि सगळ्यांत खाली भारताची ओळ ठेवली. मासिकात आपल्यापुढे काहीच छापलेलं नसायचं, म्हणून मी सरळ शून्य लिहायला लागले. तू माझा हात धरलास.

"शून्य कावून लिहून राहिली व?"

"आकडा नाही ना."

"आकडा नाई म्हणजे कोनी मोजला नाई. आसामात तेल निघते, त्याच्यासंगं वारा बी निघतच असन. शून्य म्हणजे आपल्याले पक्कं ठाव हाये का काहीच जळालं नाई. ठाव नसन तं जागा रिकामी ठेवजो."

दुसरा नियम ताऱ्याचा. एखादी रेघ अचानक खाली आली की तिथे बारीक तारा काढायचा आणि पानाच्या तळाशी कारण लिहायचं: संप, पूर, नळ फुटला. पण कारण नक्की ठाऊक असेल तरच. माझ्या वहीत सुरुवातीला ताऱ्यांचं आकाश झालं होतं, कारण मला कारणं सुचायला वेळ लागत नसे. तू मूर्तिजापूरला बसून ती एकेक खोडायला लावलीस. तुझ्या वहीत बारा वर्षांत ताऱ्यांची संख्या दोन्ही हातांच्या बोटांवर मोजण्याइतकी आहे.

आणि मग तो उंचवटा. आपल्या सगळ्या भांडणाचं मूळ.

वर्षाची रेघ काढली की देश नुसते वर चढताना दिसतात. पण तू महिन्यांची रेघ काढायला लागलीस आणि अमेरिकेच्या पाठीवर दरवर्षी एक कुबड दिसू लागलं. ऑक्टोबरपासून रेघ चढायची, डिसेंबर-जानेवारीत टेकडीवर जायची, मार्चनंतर उतरायला लागायची आणि जुलैत पार खाली. इटलीलाही तसंच, जरा बेताचं. दरवर्षी, न चुकता. 'न सुटलेले प्रश्न' या पानावर तू लिहिलंस: हिवाळ्यात उंचवटा का.

माझ्या मते तो प्रश्नच नव्हता. मी अकोल्याची. आमचं घर सरकी काढणाऱ्या जिनांच्या रस्त्यावर. दसरा झाला की कापसाच्या गाड्यांची रांग लागायची, जिनांचे भोंगे सुरू व्हायचे, होळीपर्यंत हवेत रुई तरंगायची आणि वडिलांच्या काळ्या कोटावर पांढरी लव बसायची. पावसाळ्यात त्याच जिनांना कुलपं. मजूर गावी, रस्ता सुनसान. मी लहानपणापासून तीच रेघ बघत आले होते, फक्त ती कागदावर नव्हती. मला वाटलं, हे तर उघड आहे, त्यांच्याकडेही कारखान्यांचा हंगाम हिवाळ्यात असणार. वायू कारखान्यात जळतो, कारखाने हंगामात चालतात, झालं. मी ते तुला एका दमात सांगितलं आणि शकुंतलेकडे बघत चहा प्यायला लागले.

तू म्हणालीस, "पोलादाचा कारखाना काय पावसाळ्यात बंद राह्यते?"

"त्यांचंही काही असेल."

"अन् पाकिस्तान पाह्य. त्यायच्या इथी तं कापूस बी हाये, जिनं बी हायेत. त्यायची रेघ पाटावानी सपाट."

"त्यांचा वायू आत्ता कुठे निघाला आहे. बसू दे त्यांची घडी."

मग तू पान उलटलंस आणि अर्जेंटिना दाखवलास. त्याचा उंचवटा जून-जुलैत होता. आपल्याकडे पेरण्या चालू असतात त्या दिवसांत. "थ्या देशात हिवाळा जुलैत येते," तू म्हणालीस. "हंगाम नाई हे. थंडी हाये. मले वाटते लोकं घरं गरम करून राहिले."

मी म्हटलं, "मग त्यांचा कापूसही जुलैतच येत असेल."

आता हे लिहिताना मला माझीच लाज वाटते. पण खरं सांगते, त्या वेळी मला तो युक्तिवाद फार चोख वाटला होता. मेमध्ये आमच्या अंगणातली फरशी अनवाणी पायाला पोळते, वाळ्याच्या ताट्यांवर पाणी मारून दुपार काढावी लागते. माणसं पैसे खर्च करून घर गरम करत असतील हे माझ्या डोक्यात शिरेना. इंग्रजी वाचनमालेत शेकोटीपुढे बसलेल्या म्हाताऱ्याचं चित्र होतं, ते मला माहीत होतं, पण ती लाकडं. एका म्हाताऱ्याच्या पायांना ऊब यावी म्हणून अख्ख्या देशाची रेघ टेकडी चढेल, हे मला कसं पटावं?

तरी एवढ्यावर राहिलं असतं तर बरं झालं असतं. आपण आणखी दहा वर्षं शकुंतलेच्या बाकावर भांडलो असतो आणि मजेत राहिलो असतो. पण अकोल्याला शिक्षकांचं संमेलन भरलं आणि मला निबंध वाचायला सांगितलं. मी मांजरपाटाच्या मोठ्या कापडावर आपले देश रंगवले, अमेरिका तांबडी, इटली हिरवी, अर्जेंटिना निळा. खाली तुझं आणि माझं अशी दोन्ही नावं घातली. हे तुला विचारून केलं होतं. उंचवट्याचं कारण मात्र माझं घातलं, आणि हे तुला विचारलं नव्हतं. सगळे माना डोलावत होते, कारण सगळे वऱ्हाडातले. जिनांचा हंगाम म्हटल्यावर अकोल्याच्या सभागृहात कोण नाही म्हणणार?

तू मागच्या रांगेतून उभी राहिलीस. "बाई, मले वाटते हे कारखान्याचं नाई. लोकं घरं गरम करून राहिले असन."

तू मला सगळ्यांसमोर बाई म्हणालीस, मान राखलास. आणि मी काय केलं? मी घरी तशी बोलत नाही, शाळेत बोलत नाही, पण त्या दिवशी मुद्दाम तुझ्या बोलीत बोलले. "शांताबाई, आमच्या इकडं थंडी वाजली तं लोकं घोंगडी घेतात, नळ नाई टाकत जमिनीतून." सभागृह खळखळून हसलं. ते थंडीवर हसलं नव्हतं. ते तुझ्या 'राहिले असन'वर हसलं होतं, आणि मला ते बोलायच्या आधीपासून माहीत होतं. म्हणून तर मी तसं बोलले.

तू खाली बसलीस. जेवायला थांबली नाहीस. पुढच्या महिन्यात पोस्टकार्ड आलं ते चार ओळींचं: अमेरिका, इटली, अर्जेंटिना, पाकिस्तान, आणि त्यापुढे आकडे. 'प्रिय कमल' नाही, 'तुझी शांता' नाही. मीही हट्टी. मी उलट टपाली लिहिलं: आकडे मिळाले. दोन वर्षं असंच चाललं. मूर्तिजापूर थांबलं. पण तू एक महिनाही चुकवला नाहीस, हे मला आता सगळ्यांत जास्त लागतं. पोस्टकार्ड टाकायचं थांबवलं असतंस तर मी निदान चिडले असते.

त्याच काळात, गंमत बघ, पोस्टकार्डावर एकदा पाच ओळी आल्या. खाली पाचवी: भारत. गुजरातेत वायू लागला होता आणि आपल्या देशापुढे पहिल्यांदा आकडा छापून आला होता. इतकी वर्षं रिकामी ठेवलेली जागा भरली. तू तो आकडा इतरांपेक्षा जरा मोठ्या अक्षरात लिहिला होतास, बस्स, तेवढंच. मी ते कार्ड हातात धरून घरभर फिरले. सांगायला कोणी नव्हतं. ज्या एका बाईला त्याचं महत्त्व कळलं असतं, तिच्याशी माझं बोलणं बंद होतं.

आता जे सांगायचं राहिलं ते सांगते.

गेल्या दिवाळीच्या सुट्टीत अकोल्याच्या वाचनालयात मी एक अमेरिकन सचित्र मासिक चाळत होते. त्यात एका घराचं चित्र होतं, मधोमध कापून दाखवलेलं, डाळिंब उघडावं तसं. तळघरात एक मोठी शेगडी, तिच्यात वायूचा नळ आलेला, आणि तिथून प्रत्येक खोलीत गरम हवेचे रस्ते, बाणांनी दाखवलेले. वरच्या खोलीत एक मुलगी बिनबाह्यांच्या झग्यात बसून पुस्तक वाचत होती आणि खिडकीबाहेर बर्फ होतं. मी ते चित्र किती वेळ पाहिलं मला सांगता येणार नाही. मग पातळ कागद लावून पेन्सिलीने ते उतरवून घेतलं, तळघरासकट, त्या मुलीसकट. ठरवलं की हे तुला नेऊन द्यायचं आणि म्हणायचं, तू बरोबर होतीस, मी चुकले. पाच शब्द. तोंडपाठ केले होते.

डिसेंबरात तुझ्या वहिनीचं पत्र आलं की गेल्या वर्षापासून तुझं दुखणं चालू आहे, अंगात रक्त टिकत नाही, आता शाळाही सोडलीस. मला काहीच माहीत नव्हतं. आकड्यांत ते कुठे दिसणार होतं? मी रजा टाकून आले. तू खाटेवर, दोन गोधड्या आणि त्यावर घोंगडी. घोंगडी पाहून मला कसं झालं ते तुला कळलं असेल, तू नजर वळवलीस. खाटेखाली शेगडी ठेवलेली, तिच्यात लाल कोळसे. खोलीत धूर नव्हता पण कोंदट होतं, आणि डॉक्टर नको म्हणाले होते हे वहिनी मला दारातच बोलली होती. मी आल्या आल्या मास्तरीण झाले.

"ही शेगडी दाराशी न्या आधी."

"राहू दे व. तुले नाई वाजत थंडी."

"डॉक्टर नको म्हणालेत."

"डाक्टरले बी नाई वाजत."

तरी मी ती दाराशी नेली. तीन दिवस होते. तुझे पाय माझ्या मांडीवर घेऊन, माझ्या शालीत गुंडाळून बसायची. बर्फासारखे पाय होते, कितीही चोळले तरी. आपण शाळेचं बोललो, तुझ्या भाच्याच्या बारशाचं बोललो, मळ्यात यंदा शेवंतीला कीड लागली त्याचं बोललो. माझी पिशवी समोर खुंटीला होती. त्यात ते चित्र होतं. मी चार-पाच वेळा उठले, पिशवीशी गेले आणि रुमाल काढून परत आले. एकदा तूच म्हणालीस, "सर्दी झाली काय तुले?"

का नाही दिलं? मी स्वतःला सांगितलं की तू आजारी, आता कशाला जुनं उकरायचं. हे खोटं आहे. मला भीती वाटली की तू काहीच बोलणार नाहीस, नुसतं हसशील, आणि ते हसणं मला सोसणार नाही. निघताना तू म्हणालीस, "पुढच्या बारीले वही आनजो. जुळवून घेऊ." मी म्हटलं, संक्रांतीला येते. संक्रांतीला शाळेत स्नेहसंमेलन होतं, मग तपासणी होती, आणि फेब्रुवारीच्या पहिल्या आठवड्यात तुझ्या भावाची तार आली.

चौदाव्याला आले तेव्हा वहिनीने वही माझ्या हातात दिली. "तिनं सांगतलं होतं, कमललेच देजो." मी ती तिथेच, ओट्यावर बसून उघडली. अमेरिका, इटली, अर्जेंटिना, पाकिस्तान, भारत. आणि त्याखाली पेन्सिलीने काढलेली एक नवी ओळ, गेल्या वर्षीच्या थंडीपासूनची. देशाच्या नावाच्या जागी लिहिलं होतं: शांता. माप दिलं होतं: वनस्पती तुपाचा रिकामा डबा, आठवड्याला किती डबे कोळसा शेगडीला लागला. मी वहिनीकडे पाहिलं. ती म्हणाली, "हौ, मलेच मोजाले लावे. मी म्हनो, बाई, कोळशाचा कायले हिशेब? तं म्हने, हिशेब नाई, आलेख."

शांते, काय रेघ होती ती. गेल्या हिवाळ्यात बारीकसं टेकाड, मग उतार, मेमध्ये थेट शून्य. रिकामी जागा नाही, शून्य, कारण शेगडी पेटलीच नाही हे तुला नक्की माहीत होतं. मग ऑक्टोबरपासून चढ, डिसेंबर-जानेवारीत अमेरिकेलाही लाजवेल असा उंचवटा. एकावर एक ठेवली तर जुळावी अशी. ना जिन, ना भोंगा, ना हंगाम. एका माणसाला थंडी वाजत होती, एवढंच. शेवटच्या पानावर गेले. 'हिवाळ्यात उंचवटा का' यावर आडवी रेघ मारली होती आणि पुढे दोनच शब्द होते: मोजून पाहिलं. भांड्यांचा प्रश्न तसाच होता.

मला हसू आलं, खरंच आलं. तू मरणाच्या दुखण्यातही माझं म्हणणं खोडायला आकडे गोळा करत होतीस. आणि मग मला ती खाच दिसली. डिसेंबरातल्या एका आठवड्यात, ऐन उंचवट्यावर, तुझी रेघ एकदम खाली येते आणि पुन्हा वर जाते. तिथे तारा होता. पानाच्या तळाशी तुझ्या बारीक अक्षरात: कमल आली होती.

तेव्हापासून मी त्या ताऱ्याशी भांडते आहे. पहिला अर्थ उघड आहे. मी शेगडी दाराशी नेली, कोळसा कमी लागला, तीन दिवस तू माझ्यामुळे थंडीत कुडकुडलीस. मी वहिनीला विचारलं. ती म्हणाली, "मी दोनदा इचारलं, भरून खाटेखाली ठेवू काय? तं म्हने, राहू दे." म्हणजे माझ्या धाकाने नको म्हणालीस? की तुझे पाय माझ्या शालीत होते म्हणून? संख्याशास्त्र सांगतं की एका खाचेवरून काही सिद्ध होत नाही. आणखी थोडे आठवडे हवे होते, मी आलेले आणि मी न आलेले, म्हणजे ताडून पाहता आलं असतं. ते आठवडे माझ्या हातात होते आणि मी स्नेहसंमेलनाची नाटकं बसवत होते.

पण तुझा नियम मला माहीत आहे. कारण नक्की ठाऊक असेल तरच तारा. आणि शब्दांच्या बाबतीत तू माझ्यासारखी ढिली नव्हतीस. 'शेगडी हलवली' असं लिहायचं असतं तर तू तसंच लिहिलं असतंस.

माझी वही मी आता पुरी केली आहे. ते कापलेलं घर तुझ्या ओळीशेजारी चिकटवलं. यंदाच्या संमेलनात मी तेच कापड घेऊन पुन्हा उभी राहणार आहे आणि सगळ्यांसमोर सांगणार आहे की त्या दिवशी शांताबाई बरोबर होत्या आणि मी चुकले होते. तुला जे शब्द द्यायला मला दोन वर्षं पुरली नाहीत ते मी परक्या माणसांना देणार, ही शिक्षा मला योग्यच आहे. तुझी रेघही माझ्या वहीत उतरवली, डबे, आठवडे, तारा सगळं. ती रेघ मी कापडावर काढणार नाही. ती आपल्या दोघींची आहे.

ते मासिक चार महिने मागे असतं हे तुला माहीत आहे. परवा नोव्हेंबर आला. पुढच्या महिन्यात डिसेंबर येईल, मी तुझ्या खाटेशी बसले होते तो. मग जानेवारी. जूनमध्ये फेब्रुवारीचे आकडे येतील, तेव्हा अमेरिका उतरणीला लागलेली असेल, इटलीही. ग्रंथपाल म्हणाले आहेत की अंक आला की ते बाजूला काढून ठेवतील. मी दर महिन्याला जाणार आहे.

काल सगळ्यांत खालच्या ओळीत फेब्रुवारीच्या पहिल्या आठवड्यापर्यंत आले आणि सवयीने शून्य लिहायला हात उचलला. वहिनीने सांगितलंय की त्यानंतर शेगडी पेटलेली नाही, म्हणजे शून्य चुकीचं ठरलं नसतं. पण ही ओळ शेगडीची नाही. तिच्या डोक्यावर तुझं नाव आहे, आणि तुला आता थंडी वाजते की नाही हे मला ठाऊक नाही.

जागा रिकामी ठेवली आहे.